इंजिनाची छावणी

मे महिना उतरणीला लागला की नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात दोन तारखा सारख्या तोंडी येतात. एक सरकारी, दुसरी पंचांगातली. सरकारी तारीख ठरलेली आहे: 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. माशांच्या विणीचा हा काळ, आणि समुद्रही खवळलेला. पंचांगातली तारीख मात्र दर वर्षी बदलते, कारण ती अमावास्येवर किंवा पौर्णिमेवर अवलंबून असते. होडी किनाऱ्यावर ओढायची तर उधाणाची भरती हवी. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणात पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ते तेवढं चढत नाही आणि होडी चिखलातच अडकते. म्हणून बंदीच्या अलीकडचं उधाण गाठायचं, होडी जितकी वर घेता येईल तितकी घ्यायची आणि मग इंजिनाकडे वळायचं, असा क्रम असतो.

हा क्रम आता थोडा अलीकडे सरकला आहे. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा बंदीला दोन आठवडे होते आणि पुष्कळ होड्या पाण्यातच होत्या. त्याआधीच्या वर्षी, 3 जून 2020 ला, निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं. लागोपाठच्या या दोन वर्षांनंतर, हवामान खात्याच्या इशाऱ्याची वाट न पाहता मेच्या मध्यालाच तयारीला लागलेलं बरं.

मोटारबोटीच्या इंजिनावरची बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली आहेत. तिथे नौका हिवाळ्यासाठी बंद करतात आणि त्यांचा शत्रू बर्फ असतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये थोडं जरी राहिलं तरी बीड तडकतं. म्हणून तिकडचा सगळा खटाटोप पाणी काढून टाकण्याचा, नाहीतर त्यात न गोठणारं द्रव्य मिसळण्याचा. ती पुस्तकं जशीच्या तशी उघडून बेलापूरच्या खाडीवर काम करायला बसलं, तर मेहनत चुकीच्या ठिकाणी जाते. आपला हंगाम पावसाळ्यात बंद होतो आणि आपला शत्रू आहे दमट हवेत भिजलेलं मीठ.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पावसाआधी, मे महिन्यात, खाडीचं पाणीही जवळजवळ तेवढंच खारट असतं. इंजिन थंड ठेवायला तेच पाणी आत खेचलं जातं आणि गरम होऊन बाहेर पडतं. काम थांबलं की नळ्यांतलं पाणी वाळतं, पण क्षार तिथेच राहतात. आता खरी गंमत पुढे आहे. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेत ओलं होतं. नवी मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे इंजिनात राहिलेला मिठाचा पातळ थर दोन महिने एक क्षणही वाळत नाही. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतात, वीज वाहून नेणारा क्षार तो गंज वेगाने वाढवतो, आणि त्याला हे तिन्ही चोवीस तास मिळत राहतात. चालतं इंजिन तापतं, ओल उडवतं, स्वतःच्या तेलात भिजत राहतं. बंद इंजिनाला यातलं काहीच नाही. म्हणूनच मला वाटतं की इंजिनाचं आयुष्य समुद्रावरच्या दहा महिन्यांपेक्षा किनाऱ्यावरच्या या दोन महिन्यांत अधिक ठरतं.

तेव्हा पहिलं काम गोड्या पाण्याचं. इनबोर्ड इंजिन असेल तर समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद करायचा, त्याच्यावरचा होज काढायचा आणि गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात सोडायचा. मग इंजिन चालू करायचं. पिंप रिकामं होऊ द्यायचं नाही, कारण पाण्याच्या पंपातलं रबरी इम्पेलर कोरडं फिरलं तर मिनिटभरात जळायला लागतं. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवायचं, आणि थर्मोस्टॅट असेल तर तो उघडेपर्यंत नक्कीच. तो बंद असेपर्यंत पाणी जवळच्या वाटेने फिरून बाहेर पडतं, ब्लॉकच्या आतल्या कोपऱ्यांत पोचतच नाही. बाहेर पडणारं पाणी जिभेला लावून पाहणारे तांडेल मी पाहिले आहेत, आणि ही परीक्षा अगदी बरोबर आहे. खारटपणा गेला की धुणं झालं.

इथे एक धोका आहे. धूर पाण्याबरोबर बाहेर सोडणाऱ्या बोटीत इंजिन बंद असताना नळाचा होज थेट जोडून पाणी सोडू नये. इंजिन चालत नसल्याने ते पाणी धुराच्या नळीत साचतं, आणि वाट मिळेल तसं उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. धुण्याच्या नादात इंजिन बुडवल्यासारखं होतं.

आउटबोर्डचं काम सोपं. खालचा भाग पिंपात बुडवून तसंच चालवायचं. मात्र नंतर इंजिन आडवं टाकून ठेवू नये. उभं ठेवलं की आतलं उरलंसुरलं पाणी आपोआप निथळतं. त्याच बैठकीत पंखा काढून बघावा. खाडीत जाळ्याचा तंगूस हमखास पंख्याच्या मागे शाफ्टवर गुंडाळला जातो, आणि तिथलं रबरी सील कापत जातो. वरून काही दिसत नाही. गिअरचं तेल काढलं की मात्र कळतं: काळपट तेलाऐवजी दुधी, साबणाच्या पाण्यासारखं काही बाहेर आलं, तर सील गेलं आहे आणि खारं पाणी दातऱ्यांपर्यंत पोचलं आहे. हे मेमध्ये कळलं तर शंभर-दोनशे रुपयांच्या सीलचं काम असतं. ऑगस्टमध्ये कळलं तर सगळा गिअर उतरवावा लागतो.

धुऊन झाल्यावर इंजिन गरम असतं, आणि तेल बदलायची हीच वेळ. गरम तेल पातळ असतं, त्यात काजळी आणि धातूचा कीस तरंगत असतो, तो तेलाबरोबर निघून येतो. थंड झाल्यावर काढलं तर तो गाळ तळाशी बसून राहतो. पुष्कळ जण तेल बंदी उठल्यावर बदलतात. 'दोन महिने चालवायचंच नाही तर नवं तेल कशाला घालायचं' असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब उलटा आहे. वापरलेल्या तेलात डिझेल जळताना तयार झालेली आम्लं आणि पाणी मिसळलेलं असतं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त दशलक्ष भागांत 10 भाग असतं, त्यामुळे गंधकाचं आम्ल पूर्वीपेक्षा बरंच कमी झालं आहे. तरी आम्लं आणि पाणी संपलेली नाहीत, आणि बेअरिंगचा मऊ धातू दोन महिने त्यात भिजत ठेवण्याचं कारण नाही. नवं तेल आणि नवा फिल्टर घालून इंजिन पाच मिनिटं चालवायचं, म्हणजे स्वच्छ तेलाचा थर सगळीकडे बसतो.

सिलिंडरच्या आत मात्र हा थर टिकत नाही. नोझल किंवा हवेच्या तोंडातून थोडं तेल आत सोडून इंजिन हाताने फिरवायचं, की भिंतींवर पुन्हा लेप बसतो. आपल्याकडे होडीची ओळखच सिलिंडरवरून होते. एक सिलिंडरची, दोन सिलिंडरची, सहा सिलिंडरची असं बोलतात, आणि सरकारी मदतीच्या कागदांतही हीच वर्गवारी असते. छोट्या, हँडलने चालू होणाऱ्या इंजिनांवर डीकॉम्प्रेशनची कळ असते. ती उचलली की दाब सुटतो आणि पोरगंसुद्धा इंजिन फिरवू शकतं. पंधरवड्यातून एकदा, चालतं त्याच दिशेने, दोन-चार फेरे द्यायचे आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबवायचं. पिस्टनच्या रिंगा एकाच ठिकाणी राहिल्या तर तिथेच गंजाची बारीक रेघ उमटते आणि रिंग चिकटते. मोठ्या इंजिनाला शाफ्टवर पान्हा लावून फिरवावं लागतं. ते कष्टाचं आहे, म्हणून राहून जातं, आणि मग ऑगस्टमध्ये इंजिन 'जाम' म्हणून फिटर बोलवावा लागतो.

यानंतर सगळी तोंडं बुजवायची. मासेमारी होड्यांचा धुराडा बहुधा उभा, आभाळाकडे तोंड करून असतो. त्यावर पत्र्याचा डबा उपडा घालून बांधला नाही, तर पावसाचं पाणी सरळ आत उतरतं. सहा सिलिंडरपैकी कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थांबल्या जागी उघडाच असतो, आणि पाणी नेमकं त्यात भरतं. पाणी दाबलं जात नाही. अशा इंजिनाला स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. एका रिकाम्या डब्याने वाचणारा एवढा मोठा खर्च दुसरा कुठला मला माहीत नाही. हवेच्या फिल्टरचं तोंडही तेलकट कापडाने बांधायचं, आणि ते बांधलं आहे हे लिहून इंजिनावरच चिकटवायचं.

डिझेलच्या टाकीबद्दल दोन मतं ऐकू येतात, रिकामी ठेवावी की भरलेली. पैशांच्या दृष्टीने रिकामी परवडते, चोरीच्या भीतीनेही लोक डिझेल काढून घेतात. पण अर्धी टाकी सर्वांत वाईट. वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा असते, रात्री पत्रा गार होतो, आतून पाणी सुटतं आणि तळाशी जातं, कारण ते डिझेलपेक्षा जड आहे. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात. ते डिझेल खातात, पाण्यात राहतात आणि काळपट, बुळबुळीत पापुद्रे तयार करतात. ऑगस्टमध्ये पहिल्याच लाटेवर टाकी हिंदकळते, पापुद्रे सुटतात, फिल्टर तुंबतो आणि बंदराबाहेर इंजिन बंद पडतं. म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरलेली, नाहीतर पूर्ण रिकामी करून पुसून कोरडी केलेली. वॉटर सेपरेटरच्या तळाचं पाणी दोन्ही वेळी काढायचंच.

पेट्रोलच्या आउटबोर्डला वेगळा नियम आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि प्रमाण वाढलं की पाण्यासह पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. म्हणून इथे टाकी भरून ठेवण्याचा सल्ला लागू नाही. पेट्रोल काढून दुचाकीत वापरून टाकावं, आणि इंधनाची नळी काढून आउटबोर्ड पिंपात चालवत ठेवावं. कार्ब्युरेटरमधलं संपलं की ते आपोआप बंद पडतं.

आता जस्त. होडीखाली पितळी पंखा, पोलादी शाफ्ट आणि लोखंडी जोड एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेले असतात. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी आणि बाहेरून धातूचाच जोड, एवढं जमलं की विद्युतघट तयार होतो आणि त्यातला अधिक सक्रिय धातू विरघळत जातो. जस्त या सगळ्यांपेक्षा सक्रिय आहे. त्याचा तुकडा शाफ्टला किंवा सुकाणूला बसवला की तो झिजतो आणि बाकीचे वाचतात. होडी वर आली की जस्त बघायचं. अर्ध्याच्या आसपास खाल्लं गेलं असेल तर बदलायचं. अजिबात झिजलं नसेल तर जास्त काळजी करायची, कारण मग ते धातूला नीट टेकलेलं नाही, नाहीतर कुणीतरी त्याच्यावरूनही रंगाचा हात फिरवला आहे. रंगवलेलं जस्त कामाचं नाही. ज्यांच्या होड्या पावसाळ्यात खाडीतच नांगरून राहतात त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट: पावसात खाडीचं पाणी गोडसर होतं, आणि अशा पाण्यात जस्तावर थर चढून ते निष्क्रिय होऊ शकतं. तिथे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तुकडा अधिक बरा.

बॅटरीचं काम थोडक्यात. ती काढून घरी न्यावी. पूर्ण चार्ज असताना 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते, 12.4 च्या खाली जाऊ देऊ नये, महिन्यातून एकदा चार्ज करावी. उतरलेली बॅटरी तशीच पडली तर प्लेटींवर सल्फेटचे खडे होतात आणि ती परत उभी राहत नाही. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून स्वयंपाकघराजवळ ठेवू नये.

इंजिन सुखरूप ठेवून होडीतच पाणी साचलं तर सगळं वाया. दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद होडी उघडी असेल आणि 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर तिच्यात तीन हजार लिटरच्या आसपास, म्हणजे तीन टन पाणी पडतं. मुंबईत असा दिवस जुलैत नवलाचा नाही. जमिनीवर टेकूंवर उभ्या असलेल्या होडीच्या फळ्यांना हे वजन पेलत नाही. म्हणून तळाचं बूच काढायचं, होडी किंचित मागे कललेली ठेवायची म्हणजे पाणी बुचाकडे जाईल, आणि बूच हरवू नये म्हणून ते सुकाणूच्या दांड्यालाच बांधून ठेवायचं. टेकू तळाच्या मुख्य लाकडाखाली, बाजूच्या फळ्यांखाली नाहीत. वर पूर्वी झावळ्यांचे झाप घालून होड्या शाकारत, आता निळी ताडपत्री असते. झापांतून हवा खेळायची, ताडपत्रीतून खेळत नाही. ती अंगालगत ओढून चारही बाजूंनी बांधली की आतली ओल आतच राहते आणि इंजिन वाफेत बसतं. मधोमध बांबूचा कणा करून दोन्ही टोकं उघडी ठेवावीत.

लाकडी होडीला किनाऱ्यावरच्या मुक्कामाचा एक फायदाही होतो. लाकूड पोखरणारे टेरेडोसारखे शिंपवर्गी जीव खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत. काही आठवडे पाण्याबाहेर, गोड्या पावसात, ते मरून जातात.

हे सगळं करायला जागा लागते, आणि नवी मुंबईत तीच आता आटत चालली आहे. 1970 मध्ये शहर वसवायला सिडको आली, खाडीकाठच्या जमिनी संपादित झाल्या, भराव पडले, रस्ते झाले. दिवाळे, करावे, सारसोळे, वाशीगाव इथले कोळी पूर्वी गावासमोर जिथे होड्या ओढत, तिथे आता बऱ्याच ठिकाणी बांध, रस्ता नाहीतर तिवरांची दाटी आहे. तिवरं तोडायची नाहीत हा उच्च न्यायालयाचा दंडक योग्यच आहे. माशांची पिल्लं त्याच मुळांत वाढतात हे कोळ्यांइतकं कुणाला कळणार? पण मग होड्यांसाठी उताराचा घाट, गोड्या पाण्याचा नळ आणि वापरलेलं तेल जमा करायची टाकी एवढी सोय प्रत्येक कोळीवाड्याला मिळायला हवी. समोर ठाणे खाडीचं रोहित पक्षी अभयारण्य आहे, 2022 पासून ते रामसर पाणथळ म्हणून जाहीर झालं आहे. तेल ठेवायला जागाच नसली की ते चिखलावर ओतलं जातं, आणि त्याच चिखलातली कोलंबी, निवट्या, चिंबोऱ्या दोन महिन्यांनी पकडायच्या असतात. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणारे असं तेल विकत घेतात. गावाने ते एका पिंपात साठवलं तर मच्छीमार सोसायटीला चार पैसेही मिळतात.

पावसाळ्यात नौका कुठे ठेवायच्या हा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, 18व्या शतकाच्या आरंभी, आरमाराच्या पावसाळी छावणीचा विचार राज्यकारभाराचा भाग म्हणून केलेला आहे. नौका चालवण्याइतकंच तिला नीट थांबवणं हेही राज्याचं काम आहे, हे तेव्हा मान्य होतं. प्रवासी वाहतूक हे आजही पाळते. गेटवे ते मांडवा लाँच मेअखेर थांबतात आणि पावसाळा ओसरल्यावर सुरू होतात.

होडी पुन्हा पाण्यात घालताना उलट्या क्रमाने जायचं. बंदी 31 जुलैला उठते, पण कोळीवाड्याचं मन नारळी पौर्णिमेवर असतं, आणि ती पौर्णिमा असल्याने उधाणही हाताशी येतं. बूच बसवायचं. इम्पेलर काढून ठेवलं असेल तर ते घालायचं. धुराड्यावरचा डबा आणि फिल्टरवरचं कापड काढायचं. कॉक उघडायचा. डिझेलच्या लाइनमधली हवा काढायची. इंजिन आधी हाताने दोन फेरे फिरवायचं, मग डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थोडं घुमवायचं, म्हणजे तेलाचा दाब चढतो आणि कोरड्या बेअरिंगवर पहिला स्फोट होत नाही. चालू झालं की सगळ्यात आधी कुलिंगचं पाणी बाहेर पडतंय का ते बघायचं. अर्ध्या मिनिटात दिसलं नाही तर बंद करायचं, कारण शोधायचं, मगच पुढे. लाकडी होडी पहिल्या दिवशी थोडी गळते. फळ्या फुगल्या की थांबते, तोवर पंप जवळ ठेवायचा. शाफ्टच्या ग्लँडमधूनही शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडले पाहिजेत. त्याच पाण्याने आतली दोरी गार राहते. ते थेंब पाहून घाबरून नट आवळत गेलं तर दोरी जळते आणि शाफ्टवर खाच पडते.